झाकण लावल्यावरचा तारा

आमच्या नाटक मंडळीत दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्याला सगळे ‘डिमर’ म्हणत. मी रंगमंचावर कितीही जीव तोडला, तरी माझा चेहरा दिसणं त्याच्या बोटांवर होतं, आणि हे तो मला कधी विसरू देत नसे. देवमाणूस, पण खवचट.

निवृत्तीनंतर तो गच्चीवरून ताऱ्यांचे फोटो काढू लागला. कॅमेरा थोडाच वेळ उघडा ठेवला तर नुसता काळोख, जास्त ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा. मग त्याने कॅमेऱ्याखाली ताऱ्यांच्या चालीने फिरणारी बैठक आणली आणि वेळ वाढवत नेला. लांबलेल्या फोटोंत एक तांबडा ठिपका उमटला. ताऱ्यांच्या नकाशात तो नव्हता.

“अंधाराला वेळ दिला की तो बोलतो,” डिमर म्हणाला.

त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला आईच्या मायेने वाढवलं होतं. आता ती अंथरुणाला खिळलेली. तिला त्याने फोटो दिला. “ताई, हा तारा तुझा.” तिने तो पलंगासमोर लावून घेतला आणि शेजारीण, औषधवाला, सगळ्यांना दाखवला.

पुढे कॅमेरा दुरुस्त करणारा म्हणाला, “झाकण लावून तितक्याच वेळाचा फोटो काढून बघा.” ठिपका तिथेच. जास्त वेळ चालला की कॅमेराच तापून तो उमटवत होता.

डिमर माझ्याकडे आला, मान खाली. “तू सांग तिला. तुला पाठांतराची सवय आहे.”

“संवाद तुझा आहे,” मी म्हणालो. पण सोबत गेलो.

ताईची देखभाल करणाऱ्या नर्सच्या देखतच त्याने सांगून टाकलं. ताई हसली. “म्हणजे मेल्या कॅमेऱ्याला पुटकुळी आलीय होय?” मग तिने विचारलं, “तुला कधी कळलं?”

“झाला आठवडा.”

तिचं हसू विरलं. “आणि आठवडाभर मला मिरवू दिलंस?”

नर्सने उगाचच चादर नीट केली. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारा मी, घसा खाकरायलाही धजलो नाही. डिमरचे कान लाल झाले होते.

ताईने उशाखालचा फोन काढून त्याच्या हातात दिला. “ज्यांना मी दाखवला, त्यांना तू सांग. आधी शेजारणीला.”

त्याने नंबर लावला. पलीकडून आवाज येताच तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“इकडे तोंड करून बोल,” ताई म्हणाली.