दसऱ्याला घासलेली बंदूक

"साहेब, बंदुकीचा नंबरच उडवलाय! आत टाकतो याला!" इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले.

चाळीसगावकडचं एक पोलीस ठाणं. निवडणूक आली की लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा करतात, ते काम चाललेलं. मी सरकारी लॅबमधला बॅलिस्टिक तज्ज्ञ, म्हणजे बंदुकांचा डॉक्टर म्हणा. कोर्टात साक्षीला जळगावला आलो होतो, तिथून मला जीपमध्ये घालून आणलं होतं.

बाकावर साठीतले एक शेतकरी, नाना. रानडुकरांसाठी बंदूक बाळगलेली. "साहेब, दसराना पूजाले बठ्ठा गंज घसी काढा मी. चोर नही शे मी!"

अरे देवा! शस्त्रपूजेसाठी नानांनी पॉलिश पेपरने बंदूक लखलखीत केली होती, नंबरासकट!

कायदा मात्र कडक. नंबर खोडलेली बंदूक विकणं गुन्हा, नुसती जवळ ठेवणंही गुन्हा. ज्याच्याकडे सापडली त्यानेच खोडला असं धरतात. नाही म्हणायचं तर त्याने सिद्ध करायचं. त्यात धुळ्यातून चोरीला गेलेल्या बंदुकीचा शोध चालू. ती आणि नानांची एकाच लॉटमधली. चोरीच्या नंबराच्या शेवटी तीन, नानांच्या लायसन्सवर आठ. बाकी आकडे तेच.

नंबर ठोकताना दाब पोलादात खोलवर जातो. वरून घासला तरी खालचा दबलेला भाग राहतो. केमिकल लावलं की तो दिसतो, कधीकधी क्षणभरच.

मी कापसाचा बोळा फिरवायला लागलो. एकेक आकडा उमटला. मग शेवटचा. उजवीकडे दोन कमानी!

"तीनच आहे!" इन्स्पेक्टर ओरडले. नाना बाकावरून उठले.

"थांबा हो जरा!" मी खेकसलो. इंग्रजी तीन आणि आठ उजवीकडून सारखेच. पुन्हा बोळा फिरवला. काही नाही. पुन्हा. डावीकडे पुसटशी रेघ आली, वळली, मिळाली!

"आठ! आठ आहे! फोटो काढा, लवकर!" खरं सांगतो, लाज वाटली नसती तर नाचलो असतो.

नंबर लायसन्सशी जुळला, म्हणजे नानांनी लपवायला काही घासलं नव्हतं, हे इन्स्पेक्टरांनाही पटलं. बंदूक ठाण्यातच राहिली. पुढे कलेक्टर ऑफिसच्या हुकमाने तिच्यावर नंबर नव्याने ठोकला. नाना मात्र त्याच दुपारी घरी निघाले. जाताना माझ्या पायाशी वाकले.

"नाना, माझ्या पाया नका पडू," मी त्यांना धरून उठवलं. "कारखान्यात ज्याने हातोडा नीट मारला ना, त्याच्या पडा. त्याने कामात चुकारपणा केला असता, तर आज तुम्ही आत होतात."