लाखोरीचं पाणी

सत्तरच्या दशकात साकोलीकडच्या आमच्या गावात डॉक्टरांची एक तुकडी लंगडेपणाचा अभ्यास करायला आली. माझ्या बाबाचे पाय तेव्हा नुकतेच ताठरू लागले होते. त्यांनी बाबाला अंगणात चालवून पाहिलं, गुडघ्यावर ठोकून पाहिलं आणि दोष लाखोरीच्या डाळीचा आहे असं सांगितलं. धान कापायच्या आधी त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरी टाकायची आणि वर्षभर तीच खायची, ही आमच्याकडची रीत. दुसरी डाळ आणणार कुठून? मग ते आईला म्हणाले, डाळ भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी काढून टाका. का, ते कोणी सांगितलं नाही. त्यांचा अभ्यास झाला होता, जीप निघायची होती.

आईने त्यांचं ऐकलं. रोज ती पाणी वेगळं काढायची. पण आजारी माणसाला डाळीवरचं पाणी पाजायचं, हे ती माहेराहून शिकून आली होती.

पुढच्या हिवाळ्यात तुकडी परत आली तेव्हा बाबा दोन काठ्यांवर होता.

"पाणी फेकता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"फेकू कायले जी?" आई म्हणाली. "सारी ताकद तर त्यातच असते. ह्यायले रोज गिलासभर पाजतो."

डॉक्टर म्हणाले, विष त्या पाण्यातच उतरतं आणि गेलेले पाय परत येत नाहीत.

आई जागीच खाली बसली. खाटेवर बसलेल्या बाबाच्या हातात तेव्हाही त्या पाण्याचा गिलास होता. तिच्याकडे पाहत त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.