वीरगळीवरचं खेचर

वाल्मीक पाथरवटाने दगडावरचं पोतं काढलं, तेव्हा रंभाबाईला घोडा दिसला. घोड्यावर ताठ बसलेला माणूस, एका हातात उभी धरलेली बंदूक, दुसरा हात घोड्याच्या मानेवर. घोड्याच्या डोक्यावर वरातीत असतो तसा उंच तुरा. खाली तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव.

घोटावड्याजवळच्या त्या वाडीत भैरवनाथाच्या देवळामागे जुनी वीरगळ आहे. कुठल्याशा लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड, त्यावर घोडेस्वार. एकाहत्तरच्या लढाईत काश्मीर सरहद्दीवर पडलेल्या रंभाबाईच्या नवऱ्याची, भिकूची आठवण म्हणून तसाच दगड करायचं सरपंच गेणबाने शहात्तर साली मनावर घेतलं. सव्वीस जानेवारीला मामलेदार येणार होते. जुना दगड समोर होता, वाल्मीकने तो पाहून नवा घडवला. भिकू लष्करात काय करायचा, हे कोणी विचारलंच नाही.

भिकू खेचरं हाकायचा. सुट्टीवर आला की पारावर ‘सप्लायला हाय’ एवढंच सांगायचा. रंभाबाईला मात्र सगळं ठाऊक होतं. खेचर हा शब्द वाडीत शिवीसारखा वापरला जाई, म्हणून तीही गप्प राहिली होती. त्याला या कामाची लाज वाटायची का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला तो नव्हता.

समारंभात चार शब्द बोलावेत म्हणून गेणबाने दोन माजी सैनिकांना आठवडाभर आधीच बोलावून घेतलं होतं. एक पायदळातले सुभेदार हैबतराव. दुसरा पौडचा हाफीज. तो भिकूच्याच तुकडीत खेचरांवर होता आणि आता सायकली दुरुस्त करायचा.

दगड पाहून हाफीज हसला. “भिक्याला बढती दिली की रं तुमी.”

गेणबाला ते आवडलं नाही. मग हाफीजने सांगायला सुरुवात केली. दारूगोळ्याच्या पेट्या आणि पाणी लादून खेचरं रात्रीची डोंगर चढायची. भिकूने दोर धरून जनावर पुढून कधी ओढलं नाही. तो बाजूने चालायचा, मानेवर हात ठेवून. गावी बैलाबरोबरही तो तसाच चालायचा आणि लोक त्यावरून त्याची टिंगल करायचे, हे रंभाबाईला आठवलं.

पुढचं हैबतरावांनी सांगितलं, पेट्या वर आणणाऱ्यांकडून त्यांनी ऐकलेलं. त्या दिवशी त्यांची पलटण वर अडकली होती, गोळ्या संपत आल्या होत्या. वाटेत तोफगोळा पडला, खेचर कोसळलं. भिकूला मागे फिरायचा हुकूम झाला. त्याने आधी पट्टे कापून पेट्या सोडवल्या आणि मागच्यांच्या हाती दिल्या. दुसरा गोळा पडला तेव्हा तो शेवटची पेटी सोडवत होता. बाकीच्या पेट्या वर पोचल्या.

“त्या पेट्यांवर आमी सकाळपातूर टिकलो,” हैबतराव म्हणाले. त्यांनी भिकूला जिवंत असं कधी पाहिलंच नव्हतं.

रंभाबाई देवळाच्या खांबाला टेकून बसून ऐकत होती. ती उठून पुढे आली.

“हाफीजभाऊ, त्यांना लाज वाटायची का हो, खेचराची?”

हाफीजने थोडा विचार केला. “गावाचं म्हनाल तर वाटायची, वहिनी. तितं न्हाई. रिकामं उतरताना आमी साहेबांची नजर चुकवून पाठीवर बसायचो. त्यो न्हाई बसला कधी. म्हनायचा, रंभीला कळलं तर म्हनंल, आयता बसून आला.”

जमलेल्या बायका हसल्या. रंभाबाईही हसली, आणि मग वाल्मीकला म्हणाली, “वरचा मानूस काढ.”

गेणबाने बरंच समजावलं. मामलेदारांसमोर खेचर उभं केलं तर पंचक्रोशी हसेल, वाडीची काय शोभा राहील. ती म्हणाली, मग खाली दुसऱ्या कोणाचं नाव घाला, माझ्या मालकाचं नको. हैबतराव तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गेणबा पाठमोरा झाला. नाही म्हणाला नाही.

वाल्मीकला वेगळीच काळजी. “खेचराला लांब कान लागत्यात. दगड काढता येतो, लावता येत न्हाई.”

हाफीजने तुऱ्यावर बोट ठेवलं. “ह्यो मधून चिरला तर?”

तुरा मधून चिरला आणि दोन लांब कान झाले. स्वाराचं धड तासून त्याच्या दोन पेट्या झाल्या. लोंबते पाय पट्ट्यांत गेले, बंदूक छिन्नीखाली गेली. मानेवरच्या हाताशी छिन्नी आली, तेव्हा रंभाबाईने वाल्मीकला थांबवलं.

सव्वीस जानेवारीला मामलेदारांनी हार घातला आणि दगडाकडे निरखून पाहिलं. मानेवर हात आहे, पण माणूस दिसत नाही, असं ते म्हणाले. गेणबाने रंभाबाईकडे पाहिलं.

“पल्याडच्या अंगानं चालतुया,” ती म्हणाली.

मामलेदारांनी मान डोलावली. दुपारी म्हशी पाण्यावर न्यायच्या होत्या, म्हणून भाषणं संपायच्या आत ती निघून गेली.