हिरवा दिवा
मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास आला, की मला सातपुड्यातला तो पाडा आठवतो. तिथे मोबाइलचा टॉवर नव्हता, म्हणून आजाऱ्यासाठी आमची गाडी बोलावता यावी यासाठी आम्ही पाड्यापाड्यांत छोटे वायरलेस संच वाटले होते. कोणता संच कुठे आहे हे बाकीच्या संचांना माहीत असायचं, आणि निरोप रस्त्याच्या दिशेने एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जायचा. आपल्या संचातून निरोप निघाला, की त्यावर हिरवा दिवा लागायचा. बॅटरी वाचावी म्हणून संच आपली जागा दिवसातून एकदाच कळवत. डोंगरातली माणसं जाऊन जाऊन जाणार कुठे, असं आमच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं. होळीच्या दिवशी दुपारी एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा नवऱ्याने बटण दाबलं. निरोप समोरच्या टेकडीवरच्या संचाकडे निघाला, पण तो संच कमरेला बांधून त्याचा मालक कधीच काठी गावच्या मोठ्या होळीच्या वाटेला लागला होता, आणि निरोप मधेच हरवला. "होळीले घर कोन ऱ्हास, साहेब?" आमचा नंदुरबारचा जीपवाला नंतर अहिराणीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी चालत येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही पोचलो. ती आत होती, तोंडावर लुगडं ओढलेलं. तिला न्यायची झोळी बांबूला बांधून भिंतीशी उभी होती, अजिबात न वापरलेली. "हिरवा दिवा लागला," नवरा शाळेतल्या मराठीत हळू म्हणाला. "दिवा लागला की गाडी येते, असं तुम्ही सांगितलं. म्हणून तिला उचललं नाही." आता फोनवर निरोप गेल्याची खूण दिसली, तरी मी चपला घालतो आणि स्वतः निघतो.