उलट्या पायांची फौज

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकांना "हल्ली काय करता?" विचारलं, की ते हसून सांगतात, "संपावर आसंय." त्यांच्या गिरणीच्या जागी टॉवर उठला, त्यात माणसं राहायलाही आली, तरी उत्तर तेच. "संप मिटलो म्हणान कोणी सांगल्यान?"

आम्ही मित्र रविवारी टेबलावर फासे टाकून लढाई खेळतो, अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांची. माझी फौज भुतांची आहे. ती रंगवतात काका, कारण गिरणीच्या रंगखात्यात तयार झालेला त्यांचा हात अजून जराही कापत नाही. आधी पांढरा रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ हिरवा. तो झग्याच्या चुण्यांत उतरला की सैनिक आरपार दिसल्यासारखा वाटतो. मग त्याच्या पायाखालच्या चकतीला गोंद लावून माहीमची रेती भुरभुरायची. हे करताना काका प्रत्येकाला दम भरतात, "हलू नको रे मेल्या!"

पहिली तुकडी परत आली तेव्हा मी ओरडलोच. काकांनी सगळ्यांचे पाय घोट्यापाशी कापून उलटे चिकटवले होते.

"काका, हे काय?"

"भुताचे पाय सरळ? मगे ता भूत कसला?"

मित्र हसले, पण आता मला सरळ पायांची भुतंच खोटी वाटतात.

परवाच्या तुकडीत मात्र एकाचे पाय सरळच होते. रंग भुताचाच. म्हटलं, "काका, हा विसरलात."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्याला हलकेच रांगेत उभं केलं.

"विसरूक नाय. हो मेलो म्हणान ह्येका अजून कोणी सांगूक नाय."