इब्रामपूरचा आकाशपाळणा आणि नदीकडची भिंत

सुहासचा फोन दिवाळीच्या थोडं आधी आला. सुहास माझा मामेभाऊ, माझ्याहून लहान. पेडणे तालुक्यात, इब्रामपूरच्या अलीकडे नदीकाठी त्याचा अम्युझमेंट पार्क आहे. गेल्या वर्षीच्या पुरात तो पाण्याखाली गेला होता, आणि सगळ्यांनी, मीसुद्धा, आता संपलं असं धरून टाकलं होतं.

"ताये, सगळा पयल्यासारखा झाला," तो म्हणाला. "लोकांका अजून वाटता पार्क पाण्यातच आसा. तू येवन बघ आणि ब्लॉगार लिही."

नातेवाइकांच्या धंद्यावर लिहायचं नाही असा माझा नियम आहे. फुकटात झुलायचं आणि मग गोडगोड लिहायचं, हे मला जमत नाही. पण पार्क पुन्हा उभा करताना त्या पोराने काय हाल काढले ते मी फोनवर ऐकत आले होते. शिवाय सुट्टी होती, आणि माझी लेक इरा नऊ वर्षांची आहे. नियम खुंटीला टांगला आणि आम्ही दोघी निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी. घाटात धुकं होतं, म्हणून सावकाश. सावंतवाडीला मिसळ खाल्ली, ती ठीकठाक. बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरायचं, पेडण्याला पेट्रोल भरून घ्यायचं आणि आत चांदेलच्या रस्त्याला लागायचं. आतला रस्ता अरुंद आहे पण डांबर चांगलं आहे. काजूच्या बागा संपल्या की भातशेती लागते आणि मग डाव्या हाताला झाडांच्या वर आकाशपाळण्याचं वरचं टोक दिसतं. इरा गाडीतच ओरडली.

सुहासचे वडील, म्हणजे माझे थोरले मामा, आता नाहीत. घरात मामी, सुहास आणि त्याची बायको. मामीने सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, केलं होतं, सोबत उकडा भात आणि सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेल्या पोळ्या. इथे पोळी म्हणजे कोंड्याचा पाव. मी दोनदा भात घेतला. मग सहज विचारलं, "तात्या मामा कुठे दिसले नाहीत?"

तात्या म्हणजे धाकटे मामा. पार्कच्या लगतच त्यांचं घर आणि सुपारी-नारळाची बाग. मी आले की ते पाणी शिंपायचं टाकून यायचे.

"तो मयेक गेलो, लेकीकडे रवता," मामी म्हणाली. "तू जेव आधी."

सुहास हात धुवायला उठला. मी लांबच्या प्रवासाने दमले होते, जास्त खोदलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्क. मोठ्यांना सहाशे, लहानांना चारशे, त्यात सगळे खेळ आणि पाण्याच्या घसरगुंड्या. जेवण वेगळं, बरं मिळतं. शनिवार असून गर्दी बेताची होती, म्हणजे रांगेत उभं राहायला नको.

सुहासने मला आधी मागची बाजू दाखवली, आणि खरं सांगते, मला त्याचं कौतुक वाटलं. पुरात सगळ्यात आधी विजेचे पॅनल आणि मोटारी जातात. पॅनल आता त्याने माणसाच्या डोक्याच्याही वर, चिऱ्यांच्या खांबांवर बसवलेत. मोटारींना साखळ्या लावल्यात. वरच्या धरणाचं पाणी सोडणार अशी खबर आली की गडी साखळ्या ओढून मोटारी वर घेतात आणि टॉय ट्रेनचे डबे चढावरच्या शेडमध्ये ढकलतात. गोल फिरणारे फायबरचे घोडे गेल्या वर्षीच्या पुरात तरंगत गेले होते, ते आता बोल्ट काढले की सुटतात आणि वर नेऊन ठेवता येतात. हे सगळं त्याने स्वतः डोकं चालवून केलंय. त्या पुरानंतर पंपघरात गुडघ्याएवढा गाळ होता, त्यात साप होते, आणि हा पोरगा त्यातच दिवस दिवस उभा होता.

मग तो मला नदीच्या बाजूला घेऊन गेला.

"आणि ही बघ. हिच्यामुळे पार्क वाचलो."

चिऱ्यांची भिंत. दोन पुरुष उंच, नदीच्या कडेने लांबवर गेलेली आणि मग वरच्या अंगाला काटकोनात वळलेली. आतून तिच्यावर निळ्या लाटा रंगवल्या होत्या. लाटांत डॉल्फिन, डॉल्फिनवर हसणारी मुलं. समोर फोटो काढायला माणसं उभी होती. एक जण बायकोला सांगत होता, "अगं, मागे सरक, मासा अर्धाच येतोय."

"यंदा ऑगस्टात पाणी इला," सुहास म्हणाला, "हंय लागला आणि परत गेला. आत थेंब नाय."

"परत म्हणजे कुठे गेलं?"

"गेला खंय तरी. नदीच्या पाण्याक काय पत्तो इचारूचो?"

तो हसला, मीही हसले. मग इराने मला आकाशपाळण्यात ओढलं.

वर गेल्यावर छान दिसतं. नदी, पलीकडचे डोंगर, हिरवी शेतं. पाळणा थांबला तेव्हा आमचा डबा अगदी टोकाला होता, आणि मला भिंतीचा वळलेला कोपरा दिसला. त्या कोपऱ्याच्या पलीकडे तात्यांची बाग असायला हवी होती. तिथे सुपारीची झाडं पिवळी पडून उभी होती, काहींचे शेंडे गळून गेले होते. घराचं अर्धं छप्पर जागेवर होतं. उरलेलं कुठे गेलं ते वरून कळत नव्हतं.

"आई, ते कोणाचं घर मोडलंय?" इराने विचारलं.

खाली उतरल्यावर मी तिला घसरगुंड्यांवर सुहासच्या बायकोजवळ सोडलं आणि मागच्या फाटकातून बाहेर पडले. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला ना रंग ना डॉल्फिन. नुसता चिरा, आणि त्यावर माझ्या खांद्याच्याही वर चिखलाची वाळलेली रेघ. तशीच रेघ तात्यांच्या पडवीतल्या भिंतीवर. मातीच्या आतल्या भिंती बसल्या होत्या. खिडकीची चौकट तेवढी उभी होती, तिच्यातून पलीकडची बाग दिसत होती. मला तिथे उभं राहून रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पार्क जिथे आहे तिथे पूर्वी पावसाळ्यात कोणी पीकच घेत नसे. पाणी ओसरल्यावर वायंगण, म्हणजे हिवाळी भात. मिरगाच्या आधी गावची माणसं मिळून नदीकडच्या मातीच्या बांधाचं तोंड मोकळं करत. पूर आला की पाणी शेतांत पसरायचं आणि खालून निघून जायचं. तात्यांच्या अंगणात पाणी तेव्हाही यायचं. पायरीपर्यंत यायचं, आम्ही मुलं त्यात नाचायचो, आणि ते जायचं. आता त्या वाटेत भिंत आहे, तिला तोंड नाही, आणि पाणी येऊन कोपऱ्यात कोंडतं.

त्या संध्याकाळी मी सुहासशी नीट बोलले नाही. मामीने पोहे केले, ते मी तसेच ठेवले.

तिसऱ्या दिवशी अस्नोड्यावरून डिचोली आणि तिथून मये. मयेचा तलाव तुमच्या यादीत असेल तर सकाळी लवकर जा, डोंगराची सावली पाण्यावर असते तेव्हा. पायाने मारायच्या होड्या आहेत, इराने मला पाय दुखेपर्यंत मारायला लावल्या. डिचोलीच्या बाजारात पाव-भाजी खाल्ली, पातळ भाजी आणि गरम उंडो, म्हणजे गोल पाव, दोघींचं पोट भरलं. हे सगळं मी करत होते कारण मला तात्यांकडे जायची भीती वाटत होती.

त्यांच्या लेकीचं घर तलावापासून जवळच आहे. तात्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हातात काही काम नसलेले तात्या मी पहिल्यांदाच पाहिले.

"कधी इलंस गो बाय? चेडू केदा मोठा झाला! चाय घेतलंस?"

चहा झाला. इरा आत टीव्हीसमोर बसली. मी म्हटलं, "तात्या, मी घर बघून आले."

"गेल्या वर्सा तेचो पार्क बुडालो तेव्हा मीच चिखल उपसलंय," ते म्हणाले. "तेच्यो मोटारी माझ्या पडवेर सुकवल्यो. एक घोडो व्हावन माझ्या बागेत इल्लो, तो खांद्यार मारून परत दिलंय."

"आणि भिंत?"

"भिंत बांधताना माका वाटला, खालसून तोंड ठेवतलो. आमच्यात कोण तोंड नाय ठेवता? इचारूचा कशाक, असा वाटला. नदीचो माका राग नाय गो. ती येतली, जातली. ह्या वर्सा इली ती जायनाच. पोफळीची मुळां कुसली."

"तुम्हाला आता काय हवंय?"

"एक तोंड ठेव म्हणान सांग तेका. मिरगाआधी. तुझा आयकता तो. तोंड ठेवल्यान तर घर मी परत उभा करतंय."

एवढंच. नुकसानभरपाई नको, माफी नको. भिंतीत एक वाट हवी होती माणसाला.

मी रस्त्यावर गाडी लावली आणि सुहासला फोन केला. जे तोंडाला येईल ते बोलले. तोही बोलला. त्याचंही ऐका, कारण तो काही चोर नाही. "ताये, तोंड ठेवला तर पाणी खेळांच्या मधसून जातला. पाया सुटतले. परत उभा करूची ताकद नाय माझ्यात. तीस माणसां हंय पोट भरतत. तात्यांचो एक संसार, हंय तीस."

"तात्यांनी तुझे घोडे खांद्यावर आणलेत, सुहास."

मग तो म्हणाला, "बघतंय. इंजिनियराक इचारतंय. मिरगाआधी काय तरी करतंय. तू पोस्ट तर घाल."

"आधी तोंड, मग पोस्ट," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. मला वाटलं मी मोठी बाजी मारली. त्याला माझं लिहिणं हवं होतं, तात्यांना वाट हवी होती, आणि दोन्ही माझ्या हातात आहेत अशा थाटात मी साखळीवरून चोर्ला घाट चढले. घाटात थांबू नका, माकडं डबे पळवतात. बेळगावला कुंदा घेतला आणि अंधार पडायच्या आत कोल्हापूर.

घरी आल्यावर पोस्ट लिहून ठेवली आणि टाकली नाही. फोटो निवडले, डॉल्फिन काढून टाकले. इरा शाळेत पाळण्याच्या गोष्टी सांगत होती, तिच्या मैत्रिणींच्या आया मला पार्कचं नाव विचारत होत्या. मी म्हणायचे, थांबा जरा.

मग एका दुपारी सुहासचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"ताये, मिटला. तात्यांका कायच त्रास नाय आता."

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. "तोंड ठेवलंस?"

"तोंड कशाक? बागच माका दिल्यानी. व्यवस्थित बोलान, राजीखुशीन. घर पाडून थंय पार्किंग करतंय. माती घालून उचलतंय आणि भिंत थेट पुढे नेतंय."

मी त्याचा फोन ठेवला. लगेच तात्यांना फोन लावला. वाटलं, दबाव आणला असेल, घाबरवलं असेल, कुणीतरी सही करून घेतली असेल. मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

"नाय गो," तात्या म्हणाले. "कोणी काय केला नाय. सुहास इल्लो, पायाकडे बसलो, रडलो. तोंड ठेवक जमणा नाय म्हणालो. मग थंय रवान मी काय करू? दर वर्सा भिंतीकडे बघीत बसू?"

"पण तुमची बाग, तात्या."

"मेलेली बाग ती. तू तेच्याशी भांडा नको. एकच पुतण्यो आसा माका. तू लिहूचंस होतंस मां? आता लिही. बरा लिही. माणसां येवक व्हयी थंय. गाडयो लागल्यो नाय, तर बाग माझी फुकट गेली मगे."

त्यानंतर मी चार दिवस काही लिहिलं नाही. मग हे लिहिलं. जे पाहिलं ते सगळं वर आहे, आणि जे तात्यांनी लिहायला सांगितलं ते खाली.

पार्क सोमवार सोडून रोज सकाळी दहाला उघडतो. चांदेल सोडलं की मोठा फलक दिसतो, चुकण्यासारखं काही नाही. खेळ चांगले आहेत, माणसं अगत्याची आहेत, मुलं खूश होतात. पार्किंगला आता भरपूर जागा होतेय.