ओठ वाचणारी आत्या

काष्टीच्या बाजारात काय चाललंय हे माझ्या चुलत आत्याला जितकं कळायचं, तितकं दोन्ही कान शाबूत असलेल्या एकालाही कळत नसे. दहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले आणि ती माणसांचे ओठ वाचायला शिकली. बैलबाजारात दोन दलाल लांब उभे राहून कुजबुजले, तरी आत्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आजून उतरंल त्यो. घाई करू नगंस." कीर्तनात ती महाराजांकडे पाठ करून बसे, कारण मागच्या बायकांच्या गप्पा जास्त रंगत.

बहिरेपणाच्या दाखल्यावर तिला सरकारी अनुदान मिळे. गावात त्याला पगार म्हणतात. एकदा फेरतपासणी निघाली, म्हणून मी तिला तालुक्याला नेलं. साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं. एवढा मोठा माणूस आपली चौकशी करतोय म्हणून आत्या खुलली. सगळी उत्तरं दिली, वर म्हणाली, "अन् त्यो दाराजवळचा तुमाला चिक्कू म्हनला." साहेबांनी कागदावर लिहिलं, 'अर्जदारास व्यवस्थित ऐकू येते.' मी दवाखान्याचा दाखला पुढे केला.

"कागद कुणीही आणतं," ते म्हणाले. "मी प्रत्यक्ष पाहिलंय."

पगार बंद झाला. आत्या रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेऊ लागली. मी पुन्हा अर्ज केला, आणि बोलावणं आल्यावर एसटीत तिला बजावलं, "या वेळी मान खाली. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही."

"माणूस बोलतंय अन् आपन भुईकडं बघायचं? मी काय चोरी केलीय?"

"नाही केलीस. पण तशीच बस."

ती तशी बसली. नव्या साहेबांनी तीनदा हाक मारली, चौथ्यांदा ओरडले. आत्या फरशीकडे बघत राहिली. पाच मिनिटांत काम झालं. येताना ती खिडकीबाहेर बघत होती.

पगार सुरू झाला. पण कुणी पाहील, तक्रार करील, या धास्तीनं ती आता बाजारातसुद्धा मान वर करत नाही. परवा तिच्या दारात जाऊन उभा राहिलो, तर माझ्या चपलांकडेच बघत राहिली. मी तिची हनुवटी धरून वर केली. तिनं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"घरात चल. हितं नगं बोलू."

आत आल्यावर तिनं कडी लावली, दिवा लावला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"हां, बोल आता," ती म्हणाली. "लई दिस झालं, कुनाचं काय ऐकलं न्हाई."